कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड

आमच्या घरात एका मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता एक माणूस वारला, आणि तो आमच्यापैकी कुणीच नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेला, डिंडोलीत राहायचो. मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापडाच्या रंगाचे शेड जुळवायचो. अंगानं आडवा, मिशी जाड, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही पलीकडच्या खात्यातला माणूस वळून बघायचा. वडील गेले तेव्हासुद्धा मी रडलो नव्हतो, आणि आमच्या सगळ्या खानदेशी गल्लीत याचं फार कौतुक होतं.

गावी शाळेत असताना मात्र मी पक्का पुस्तकवेडा. भाकरी खाताना पुस्तक, बैल पाणी पिताना पुस्तक. सुरतेत आलो आणि ते सगळं सुटलं. बारा वर्षांत मी मराठीत वाचलं ते काय, तर लग्नपत्रिका आणि गावाकडची पोस्टकार्डं. बाकी नुसते शेडचे नंबर.

मिलमध्ये साड्यांच्या गठ्ठ्यांत घालायला रद्दी यायची, सगळी गुजराती. त्या रद्दीत एक दिवस मराठी कादंबरी निघाली. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं नाहीत. मी उभ्या उभ्या एक पान वाचलं. एका खेड्यातला पोस्टमास्तर सकाळी टपालाची पिशवी घेऊन निघतो तो परत येतच नाही. गाव म्हणतं, चोर होता. मागे राहते त्याची सात वर्षांची यमू. आणि पुढे दरवर्षी नागपंचमीला तिच्या उंबऱ्यावर कुणीतरी नवीन बांगड्या ठेवून जातं! कोण? मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, आणि तोवर इकडे बदामी रंगाचा माल वांगी होऊन बाहेर आला. (त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते गुजरातीत होतं, म्हणून इथं देत नाही.)

पण खरं सांगतो, फार बरं वाटलं मला. हरवलेला शाळासोबती रस्त्यात भेटावा आणि त्यानं आपल्याला टोपणनावानं हाक मारावी, तसं.

मंगळवारी मिलला रजा होती. त्याच दुपारी माझी बहीण मंदा हिला नवापूरचे पाहुणे पसंतीची साखर द्यायला येणार होते. मंदाची याआधी दोन स्थळं जुळता जुळता मोडली होती. हा मुलगा तिला आवडला होता. तोंडानं ती काही बोलली नव्हती, पण सकाळपासून तिनं तीन साड्या बदलल्या होत्या. आणि सोनगडचे काही लोक त्याच मुलावर डोळा ठेवून आहेत, हेही आम्हाला माहीत होतं. म्हणजे आज साखर तोंडात पडली तर पडली.

आई देवळात गेली होती. माझी बायको सुशीला मंदाला घेऊन बाजारात गेली. पुरण चुलीवर होतं. मला काम एकच, पुरणाकडे बघत बसायचं. मी पुस्तकाकडे बघत बसलो.

आता पोस्टकार्डाचं सांगतो. पाहुणे मंगळवारी येताहेत, हे कळवणारं पोस्टकार्ड मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दाढेत सुपारी अडकली, तेव्हा मी त्याच कार्डाचा कोपरा फाडून दात कोरला होता. आमच्याकडे मयताची खबर देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लांबून कळावं, म्हणून. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण दाढेत सुपारी असताना माणसाला काय आठवतं?

पावणेतीनला पुस्तकातला म्हातारा हरकारा वारला. टपालाची पिशवी घेऊन गावोगाव पळणारा तो गरीब माणूस, वीस वर्षं यमूच्या दारात बांगड्या तोच ठेवत होता. पोस्टमास्तरचं काय झालं ते एकट्या त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं दिलेला शब्द पाळून तोंड शिवून घेतलं होतं. मला हुंदका आवरेना. बापासाठी राखून ठेवलेलं सगळं रडू त्या हरकाऱ्यावर खर्ची पडलं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कौशल्याबाई विरजण मागायला दारात आल्या. त्यांनी बघितलं : कधी न रडणारा माणूस ढसाढसा रडतोय आणि हातात कोपरा फाटलेलं कार्ड.

“काय व्हयनं, भाऊ?” (आम्ही घरीदारी अहिराणीच बोलतो. तुमच्यासाठी बाकीची पातळ करून वाढतोय.)

“गेला हो,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही बिचाऱ्यानं.”

कौशल्याबाईंनी पुढे काही विचारलं नाही. सरळ आत गेल्या आणि चूल विझवली, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. मग गल्लीत जाऊन सांगितलं. दहा मिनिटांत अंगणात सतरंजी पडली, बाया जमल्या, कुणीतरी मला दंडाला धरून मधोमध बसवलं. कोण गेलं याबद्दल एकमत नव्हतं. कुणी माझा चुलतभाऊ मारला, कुणी आतेभाऊ. कौशल्याबाईंचे मालक तर सायकल काढून उधना स्टेशनवर पळाले, पाहुण्यांना गाठून सुतकाची कल्पना द्यायला.

लोकांचा काय गैरसमज झालाय ते मला तेव्हाच समजलं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चार पानं राहिली होती हो! पोस्टमास्तर जिवंत होता की मेलेला, ते त्या चार पानांत होतं. म्हटलं, तेवढी वाचतो आणि सांगतो. बाया रडत होत्या, मी मान खाली घालून पान उलटायला बघत होतो, आणि त्या म्हणत होत्या, बघा, मान वर होत नाहीये त्याची.

तेवढ्यात आई देवळातून आली. दारात रडारड बघून तिनं प्रसादाची पिशवी बाजूला ठेवली, पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत गळा काढला. पाच मिनिटं मनसोक्त रडून झाल्यावर माझ्या कानाशी वाकली.

“कोन गयं रे?”

“कुणी नाही, आई. पुस्तकातला माणूस आहे.”

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जमलेल्या बायांकडे. एवढ्या बाया कामं टाकून आल्या आहेत, आता आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही, असं म्हणून ती पुन्हा रडू लागली.

सुशीलाला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं की तिचा भाऊ गेला. ती चौकापासून त्याच्या नावानं टाहो फोडत आली. मी तिला आत ओढून खरं काय ते सांगितलं. तिचं रडणं जागीच थांबलं, आणि ती जे बघू लागली त्यापेक्षा रडणं बरं होतं. मंदा तिच्या मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

बाहेर पाहुणे पोचलेच. मुलाचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, स्टेशनवर खबर ऐकून म्हणाले होते, आता आलोच आहोत तर दुखवट्याला दारावर बसून जाऊ. साखरेचा पुडा पिशवीच्या तळाशी गेला. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “कसं काय झालं?”

होणाऱ्या व्याह्याला कसं सांगायचं, की मी पुस्तक वाचून रडतोय? ज्या एका मरणाची मला बारीकसारीक माहिती होती तेच मी सांगत सुटलो. हरकाऱ्याची पिशवी, चोर ठरवलेल्या पोस्टमास्तरचं गुपित, ताप, खोकला, उशाखालच्या बांगड्या, यमूचं नाव. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. सगळं अंगण रडत होतं. मीही पुन्हा रडलो.

मग कौशल्याबाईंचे मालक म्हणाले, “पण भाऊ, तुमच्यात हरकारा कोण होतं?”

मंदा बाहेर आली. नवरीनं पाहुण्यांपुढे मान वर करायची नसते, पण तिनं पुस्तक आणि पोस्टकार्ड आबांच्या पुढ्यात ठेवलं.

“आमच्या घरात कुणी गेलं नाही, आबा,” ती म्हणाली. “हे तुम्ही येणार म्हणून आलेलं कार्ड. दादा, कोपरा कुणी फाडला ते सांग.”

“मी,” मी म्हणालो. “दात कोरायला.”

आबांनी कार्ड वाचलं. पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मंदाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि माझ्यामुळे तिसरं स्थळ मोडणार म्हणून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. आबांनी कार्ड बाजूला ठेवलं, पुस्तक मात्र हातातच धरलं.

“तो पोस्टमास्तर,” शेवटी ते म्हणाले, “चोर होता का नव्हता?”

“माहीत नाही, आबा. चार पानं राहिलीत.”

“मग वाचा मोठ्यानं. साखरेचं नंतर बघू.”

मी वाचलं. पोस्टमास्तर चोर नव्हता. (याहून जास्त सांगणार नाही, आणि पुस्तकाचं नावही विचारू नका, मुखपृष्ठ नव्हतं.) शेवटच्या ओळीला आबा एवढे रडले, की त्यांच्या बायकोला त्यांना पाणी पाजावं लागलं. डोळे पुसत त्यांनीच पुडा सोडला आणि मंदाच्या हातावर साखर ठेवली. पुरण तेवढं कच्चं राहिलं होतं.

मंदा सुखात आहे. मीही त्या दिवसापासून वाचायचं सोडलं नाही. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक आणायला लावायचो. पुढे दोन वर्षांनी माझे सासरे गेले. फार जीव होता माझा त्यांच्यावर. मी रडत रडत कौशल्याबाईंच्या दारात गेलो आणि सांगितलं, सासरे गेले. त्या भाकरी थापत होत्या. हातही न थांबवता त्यांनी विचारलं,

“खरंच गयात, का पुस्तकमा?”