रविवारचा बार

पोलिसांच्या साहेबानं माझी हळदीची चोळी काठीच्या टोकावर उचलून धरली. हातानं नाही. आम्हांला शिवायचं नव्हतं त्याला. बूट मात्र सरळ चुलीपर्यंत आणले होते.

"दारू कुठंय?"

आई म्हणाली, "साहेब, आमच्या घरात कुणी पीत न्हाई."

"उडवायची दारू!" तो खेकसला आणि रुखवताच्या लाडवांच्या परातीला त्यानं लाथ घातली. शिपायांनी हळदीचं गाडगं फोडून पाहिलं.

मी अंगाला हळद लागलेली, कोपऱ्यात उभी. दोन दिवसांनी, रविवारी माझं लग्न होतं. आमची वस्ती चिंचवडला, गावाबाहेर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पिंपरीच्या एका कारखान्यात मजूर. तिथं युनियन उभी राहत होती आणि आबा तिच्यात पुढं होते. तेव्हापासून वस्तीच्या तोंडावरच्या हॉटेलात एक माणूस येऊन बसायला लागला. धोतर, टोपी आणि पायात पोलिसाचे बूट. सगळी वस्ती त्याला बूटवाला म्हणायची. आम्ही त्याला हसायचो. आपण काय चोरी केलीय, असं आबा म्हणायचे.

त्याच हॉटेलात आबा कुणाला तरी म्हणाले होते, "आता रविवारी बार उडवून टाकू."

लग्नाचा बार. पोरीच्या बापानं दुसरं काय म्हणायचं? बूटवाल्यालाही ते कळलंच असणार. पण रोज फुकट बसून चहा पिणाऱ्याला वर काहीतरी कळवावं लागतं. त्यानं कळवलं. वरच्या कचेरीत त्याचं इंग्रजी झालं, आणि इंग्रजीत लग्न गेलं, नुसता स्फोट उरला. हे आम्हांला फार पुढं समजलं.

साहेबानं आबांचा गळा काठीनंच दाबला. "रविवारी काय उडवणार होतास?"

आबांना आधी उमजेना. मग उमजलं आणि ते हसले. खरंच हसले. "बार, साहेब. पोरीचा बार हाय."

त्या हसण्यानंच घात केला. काठी कानावर बसली. आबा पडले, तरी थांबली नाही. पाठीवर, बोटांवर, पुन्हा त्याच कानावर. कानातून रक्त आलं आणि सांडलेल्या हळदीत गेलं. आई पाय धरायला वाकली. "शिवू नकोस," म्हणत त्यानं पाय मागं घेतला.

माझं डोकं फिरलं. मी दारात आडवी उभी राहिले. "वारंट दाखवा."

हा शब्द आबांनी युनियनच्या सभेतून घरी आणला होता. मी तो पहिल्यांदा तोंडात घेतला.

साहेबाला हसू आलं. "तुम्हांला कसलं गं वारंट?" काठी माझ्या हनुवटीवर आली. हनुवटी फुटली. आबांना फरफटत नेलं.

आबा परत आले तेव्हा तो रविवार निघून गेला होता. त्या कानानं काही ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. आमचं बोलणं चोरून ऐकलं त्यांनी, आणि बहिरा झाला माझा बाप. मला रडू आलं नाही. नुसता संताप आला. अजून येतो.

पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार येऊन सगळं लिहून घेऊन गेला. त्या वर्तमानपत्रानं सरकारला विचारलं, ही पाळत कुणाच्या हुकुमानं? वारंटाशिवाय घरात का शिरलात? लोकांना उत्तर द्या. सरकारनं दिलं. चिंचवडात कुणावरही पाळत नाही, असा मार कुणाला बसलेलाच नाही. हॉटेलात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. बूटवाला समोरच बसून बशीतला चहा फुंकत होता.

संपादकांचा निरोप आला. ज्यांना मार बसला त्यांनी नावानिशी सांगावं, म्हणजे पुन्हा विचारता येईल. मी होकार कळवला. लागलीच चाकणहून माझे होणारे सासरे आले.

"पोरी, नाव मागं घे. येत्या रविवारी लगीन लावू. पोलिसांच्या डोळ्यावर आलेली सून आमाला न्हाई झेपायची."

आईनं माझ्याकडं हात जोडले. आबांनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी ओरडून सांगितलं, वस्तीभर ऐकू जाईल असं. "म्हणत्यात, गप बस! मी न्हाई बसणार!"

आबांनी मान डोलावली. सासऱ्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते निघून गेले.

मी नखांतली हळद दगडानं घासून काढली, धुतलेलं लुगडं नेसले आणि पुण्याची गाडी धरायला निघाले. वाटेत हॉटेलापाशी थांबले. बूटवाल्यानं मान खाली घातली.

"वर बघ," मी म्हटलं. "नीट ऐक आन् नीट कळव. पेपरात नाव द्यायला चाललेय. माझं, माझ्या बापाचं, तुझ्या साहेबाचं. रविवारी बार उडवायचाय."