सोबत आलेली बाई

रविवारी दुपारी एका सेंटरचं एमआरआय मशीन रिकामं असतं, तेव्हा ते मला संशोधनासाठी वापरायला मिळतं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या जिल्ह्यात मंद्रूपपासून टेंभुर्णीपर्यंत सगळे मला डॉक्टरीणबाईच समजतात आणि जाता जाता गुडघ्यासाठी गोळी मागतात. मी कंपवात झालेल्या माणसांच्या मेंदूची चित्रं काढते आणि मग आठवडाभर ती बघत बसते. मेंदूच्या बुडाशी दोन बाजूंना दोन लहानसे पट्टे असतात. निरोगी माणसाच्या चित्रात ते उजळ दिसतात, कंपवातात फिके होत जातात. एवढंच माझं जग.

हे काम एकटीनंच करायचं. लोक डोकं माझ्या हवाली करतात, तो ठोकठोक आवाज सोसतात आणि निघून जातात. मागे नंबर उरतो. मला पन्नाशीत हे नंबर तोंडपाठ आहेत आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसांची नावं माहीत नाहीत. आई गेल्यापासून घरात माझा आवाज मलाच क्वचित ऐकू येतो. संगणकावर चिडले की तेवढा येतो. एकटं राहणं मी निवडलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

तुलनेसाठी निरोगी माणसंही लागतात, आणि नेमकी तीच मिळत नाहीत. धडधाकट माणूस मशीनमध्ये कशाला झोपेल? गावात कळलं तर डोक्यात बिघाड आहे म्हणतील. म्हणून मी एक युक्ती काढली. रोग्याबरोबर जो येईल त्यालाच निरोगी म्हणून घ्यायचं. वय साधारण तेच, घर तेच, पाणी तेच. बहुतेक वेळा बायकोच असते. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

तर मंद्रूपकडचं असंच एक जोडपं आलं. थोडी शेती, चार शेळ्या, मुलगा पुण्यात कंपनीत. नवऱ्याचा उजवा हात थांबतच नव्हता. बाई त्याची टोपी, पिशवी, चप्पल सगळं सांभाळत होती. मी तिला मावशी म्हटलं, तर म्हणाली, ‘‘मावशी कशाला म्हंता? माज्याच वयाच्या हायसा की.’’ मला हसू आलं. तिचा फॉर्म भरताना विचारलं, तुम्हाला काही त्रास? ती म्हणाली, ‘‘मला काय धाड भरलीय?’’ मी सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि मी, याच मातीत वाढलेली, ते खरं मानून लिहून घेत होते.

मशीनपाशी धातू चालत नाही. मंगळसूत्र काढा म्हटलं की बायका नाही म्हणत नाहीत, नुसत्या गळ्याशी हात धरून उभ्या राहतात. म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये हळदीत भिजवून वाळवलेला दोरा असतो. आधी तो गळ्यात बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचं, म्हणजे गळा क्षणभरही मोकळा राहत नाही. हे मी स्वतः करते. कुणाच्या मानेला माझा हात लागतो तो तेवढाच. त्या दिवशी हळद नवी होती. आमचा टेक्निशियन म्हणाला, मशीनला लग्नघराचा वास सुटलाय. बाई मात्र दोरा नाकाशी धरून म्हणाली, ‘‘हळद कुटली वो ही? वासच न्हाय हिला.’’

मला राग आला. घरच्या हळदीपुढे बाजारातली हळद ती नावाजणार नाही, हे ठीक. पण मी फुकट बांधतेय, त्यात खोड कसली काढायची? मी जरा करकचूनच गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात चित्रं बघताना एका निरोगी नंबरचे पट्टे फिके दिसले. नवरा-बायकोचे नंबर उलटे लागले असणार, म्हणून मी आधी टेक्निशियनवर खेकसले. मग नोंदी काढल्या. काही उलटं झालं नव्हतं. नवऱ्याचे पट्टे फिके होते आणि बायकोचेही. पुन्हा मोजले, दुसऱ्या पद्धतीनं मोजले, आणि मोजता मोजता ती हळद आठवली. कंपवातात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो. हे मी भाषणांतून सांगते, पडद्यावर दाखवते. प्रत्यक्षात एका बाईनं ते माझ्या तोंडावर सांगितलं, तर मी रुसून बसले. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

माझ्याबरोबर काम करणारे मेंदूचे डॉक्टर म्हणाले, एका चित्रावरून काही ठरत नाही, तपासायला आणा. फोन नवऱ्याकडे असायचा, म्हणून मी स्वतःच मंद्रूपला गेले. नवरा अंगणात बाजेवर होता. बाईनं बशीत चहा ओतला, त्याच्या ओठाला लावला, पदरानं हनुवटी पुसली, आणि मग मला मागे शेळ्यांकडे घेऊन गेली. तिनं माझ्या चेहऱ्यावरून काही ओळखलं असावं.

मी सांगितलं. नक्की नाही, पण शंका आहे, असं दहा वेळा म्हणाले. तिनं शेळीच्या पुढ्यातला पाला सारखा केला.

‘‘ह्यास्नी सांगितलंय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नगा सांगू.’’ मग तिनं विचारलं, ‘‘आजून किती वर्सं भाकरी थापता यील मला? ह्यास्नी दुसऱ्याच्या हातचं जात न्हाय.’’

इतकी वर्षं मी हेच शिकले होते. माहीत नाही, म्हणाले. मग, दवाखान्यात यावं लागेल, सोबत कुणाला तरी आणा, असंही सवयीनं बोलून गेले.

‘‘कुनाला आनू? ह्येंच्यासंगं मी आले. माज्यासंगं यायला ह्येच हुते की.’’

हे ऐकून मला रडू आलं. तिच्यासाठी आलं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही आलं. मी म्हणाले, ‘‘मी येते.’’

ती घरात नातेवाइकाकडचं कार्य सांगून निघाली. नवऱ्याला एक दिवस शेजारीण बघणार होती. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं केसपेपर करताना विचारलं, सोबत कोण, नातं काय? मी ‘ओळखीची’ म्हणणार होते. त्याआधीच ती म्हणाली, ‘‘लिवा, भैन.’’ आई गेल्यापासून केसपेपरवर मला कुणाची कुणी म्हणून लिहिलं गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला सांगितलं. उजवा हात ठीक चालला. डावा ती पदराखालून काढेचना. काढला, तर बोट चार वेळा उघडलं आणि मग ती उघडझाप अडखळत अडखळत बारीक होत गेली. तिला चालायला सांगितलं, तेव्हा तोच हात अंगाला चिकटून राहिला. मग आपल्याकडे करतात तसं त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि नातेवाइकाला आत ठेवून घेतलं. नातेवाईक म्हणजे मी. ते मला एकेक गोष्ट समजावून सांगू लागले. हे सगळं मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं, तरी मी खुर्चीची कड धरून ऐकत होते. आतापर्यंत मी अशा बातमीच्या पलीकडच्या बाजूला बसत आले होते. मग गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठले.

बाहेर ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, डावा हात पिशवीखाली. वाक्य कुठून सुरू करावं, याची मी जुळवाजुळव करत होते. तिनं माझ्याकडे एकदाच वर बघितलं आणि तिला काय ते कळलं. समोरून स्ट्रेचर गेलं, ते जाऊ दिलं. मग बाकावर सरकून तिनं मला जागा केली.

‘‘आसं त्वांड पाडू नगासा,’’ ती म्हणाली. ‘‘ह्येंचं समजलं तवा मी आसंच पाडलं हुतं. त्येस्नी रोगापरास त्येचंच लई वाईट वाटलं.’’

मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

‘‘यील,’’ ती म्हणाली, ‘‘सवयीनं यील.’’