गरुडाला हात, ससाण्याला टाळी

सकाळी नसरापूरहून वेल्ह्याची एसटी मिळाली. थोरल्या बहिणीला, आक्काला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खाली आणायचे, एवढेच मनात होते. दाजी गेल्यापासून ती वरच्या वाडीत एकटीच शेळ्या राखते. मोबाईलवर म्हणते, "मला समदं दिसतंय."

शेजारच्या बाईने विचारले, "कुठं निघालीस गं बाय?"

अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. "बहिणीकडं," म्हटले आणि खिडकीकडे तोंड केले.

"मग रडतीस कशाला? सासरी न्हाई ना चाललीस!"

वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले होते. ते सांगायचे राहूनच गेले.

वेल्ह्यात उतरून डोंगर चढले. करवंदीच्या जाळीत वाट चुकले, चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच पोचले.

आक्का अंगणात होती. "कोण हाय?" म्हणाली. मी बोलेपर्यंत तिने ओळखले नाही. मग गालावरून हात फिरवून म्हणाली, "लई बारीक झालीस गं!" मी तर चांगली जाड झाले आहे.

नाचणीची भाकरी, ठेचा, ताक असे जेवून अंगणात बसलो. कोंबडीची पिल्ले दाणे टिपत होती.

गरुडाला हात जोडायचे आणि ससाण्याला हुसकायला टाळ्या वाजवायच्या, हे आईने आम्हांला शिकवलेले. गरुड मोठा. तो पंख पसरून उंच फिरतो, शीळ घालतो, साप धरतो. तो देवाचे वाहन. ससाणा (आम्ही त्याला शिकरा म्हणतो) कबुतराएवढा. तो झाडाआडून जमिनीलगत येतो आणि पिल्लू उचलतो. लहानपणी आक्का नुसती सावली बघून कोण ते सांगायची.

वरून शीळ आली. आक्काने हात जोडले. गरुडच होता, पार उंचावर. तेवढ्यात अंगणातून एक सावली सरकली.

"गरुड महाराज खाली आलं बघ," आक्का म्हणाली. हात जोडलेलेच.

मी टाळी वाजवायच्या आत पिल्लू गेले. कोंबडी ओरडत सुटली.

"काय झालं गं?"

"शिकरा व्हता, आक्का."

"म्या शिकऱ्याला हात जोडलं व्हय?" ती हसायला लागली. मग हसू थांबले. बराच वेळ कोंबडीचेच ओरडणे ऐकत बसली.

"डाक्टर लई दुखवतो का गं?"

"न्हाई."

"दोन शेळ्या व्यायच्या हायत. त्या मोकळ्या झाल्या की येते." मग म्हणाली, "तवर तूच ऱ्हा की हितं."

मला राहायचे होते. पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी एसटीचे सुटे पैसे मोजायला लागले. ते तिला कळले.

"जा, एसटी चुकंल."

तिच्या जुन्या चपला घालून उतरले. मागे वळून हात हलवला, पण एवढ्या लांबून तिला तो दिसणार नव्हता. म्हणून मोठ्याने हाक मारली. शेजारीपाजारी कोण ऐकेल याचा मी त्या दिवशी पहिल्यांदाच विचार केला नाही.

नसरापूरला आल्यावर दाराजवळ, जिथे उजेड येतो, तिथे तिच्यासाठी वाकळ (गोधडी) घातली. अजून ती आलेली नाही. रोज सकाळी मी वाकळ झटकते आणि पुन्हा तिथेच घालते.