चार बोटं खाली

वजनकाट्याच्या खोलीत खिडकीच्या चौकटीला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला वीतभर तार लटकते. सळ्या बांधायला वापरतात तसली, काळी, मऊ. तिचं एक टोक दुमडलेलं. ट्रकवाले पावतीसाठी खिडकीत मुंडी घालतात तेव्हा ती बरोबर नाकाला लागते.

"ही कसली हो?" कुणीतरी विचारतंच.

"मापाची."

"कसलं माप?"

"तुझ्या नाकाचं. गाडी पुढं घे, मागं रांग लागलीय."

असं खेकसणारा हा माणूस घरात थोरला. थोरला म्हणजे नुसता वयानं. उंचीला त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला भाऊ हातभर वर. त्यांची आई म्हणायची, पहिल्या खेपेला माल कमी पडला, म्हणून दुसऱ्या खेपेला हात सैल सोडला. दोघं रस्त्यानं चालले की लोक म्हणायचे, निघाला बघा खांब आणि खांबाखालचा दगड.

थोरल्यानं तीस वर्षं एकच काम केलं. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा. रिकामी होऊन परत आली की पुन्हा घ्यायची, पुन्हा लिहायचा. मधला फरक तो माल. नजर अशी बसली होती की गाडी फाटकातून वळताना टायर किती दबलेत ते बघून आकडा सांगायचा, आणि काटा मागाहून हो म्हणायचा. पुढं पुढं ही खोड माणसांच्या बाबतीतही लागली. कुणी दारात उभं राहिलं की याच्या डोक्यात किलो उमटायचे.

धाकटा लिफ्टा दुरुस्त करायचा आणि उरलेला जन्म सायकलवर काढायचा. बरोबरचा एक कामगार कॅन्सरनं गेला तेव्हा धाकट्यानं बाराजण जमवले. चार दिवस, चारशे किलोमीटर, गावोगाव थांबायचं, लोकांशी बोलायचं, आणि मोठ्या इस्पितळाशेजारी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी जे घर आहे त्याच्यासाठी मदत गोळा करायची. थोरला तेव्हा हसला होता.

"पायडल मारून रोग पळतो का रे? पळणार असेल तर मलाही सांग, माझी कंबर धरलीय."

"दादा, रोग नाही पळत," धाकटा म्हणाला होता. "पण बाहेर पायरीवर झोपणाऱ्याला खाट मिळते."

तीन वर्षं तो गेला. चौथ्या वर्षी त्याचाच आवाज घोगरा झाला. आधी सगळ्यांनी थट्टा केली, लिफ्टमध्ये अडकून ओरडलास की काय म्हणून. मग तपासण्या झाल्या आणि थट्टा बंद पडली. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला भोक, त्याच्यावर पांढरं फडकं, आणि हातात पोरांची पाटी. अठ्ठ्याहत्तर किलोचा गडी सहासष्टवर आला. मग अठ्ठावन्न. थोरला इस्पितळात खाटेजवळ गेला की डोळे बारीक करायचा नाही, तरी आकडा दिसायचाच. ही गाडी रिकामी होत चालली होती आणि उतरलेला माल कुठं दिसत नव्हता.

तरी धाकट्याचं ठरलेलं होतं, या वर्षीही जाणार. निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा कुठं त्यानं पाटीवर लिहिलं: "दादा, तू जा. माझी सायकल घेऊन. तिचा खाडा नको."

थोरला रोज कामावर सायकलनंच जायचा. पाय चालते होते. तो म्हणाला, "जातो."

धाकट्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं: "सीटला हात लावायचा नाही. बरा झालो की लगेच बसता आलं पाहिजे."

थोरल्यानं ते दोनदा वाचलं. समोर एकोणपन्नास किलो बसलेले. "नाही लावत," तो म्हणाला. "आईशपथ."

तोंडातून गेलं ते गेलं.

पहिल्या दिवशी सकाळी सायकलवर चढायलाच त्याला फुटपाथची कड लागली. खाली आलेल्या पायडलला फक्त अंगठा टेकायचा. टाच टेकवायची तर अख्खी कंबर त्या बाजूला कलवायची, मग दुसऱ्या बाजूला. मागून बघणाऱ्याला वाटावं, बदक चाललंय. बाराजणांच्या पुढारी शाळेतल्या एक निवृत्त कवायतीच्या बाई होत्या. शिट्टी गेली होती, आवाज राहिला होता.

"अहो काटेवाले, सायकल चालवताय की झाडावर चढताय?"

"जमेल बाई."

दुपारपर्यंत मांड्या सोलल्या. संध्याकाळी गुडघ्याच्या मागची शीर ओढून दोरी झाली. मुक्कामाला एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. तिथं टेम्पोतून मागं येणारा मेकॅनिक त्याच्याजवळ येऊन बसला. हातात कायम पाना, म्हणून त्याला सगळे पान्हाच म्हणत.

"सीट चार बोटं खाली घेतो. पाच मिनिटांचं काम."

"नको."

"का?"

"भावाची आहे."

"अहो, सायकल भावाची, पण ढुंगण तुमचंच ना?"

सगळे हसले. थोरलाही हसला आणि कुशीवर वळला, कारण पाठीवर झोपणं शक्य नव्हतं.

या मंडळींचा एक नियम होता, धाकट्यानंच घालून दिलेला. बारा निघाले तर बारा एकदम पोचले पाहिजेत. म्हणून सगळ्यात हळू जो, तो सगळ्यात पुढं. त्याच्या चालीनं बाकीच्यांनी मागून यायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी थोरल्याला पुढं काढलं. लग्नातल्या घोड्यासारखा तो पुढं, मागं अकरा धडधाकट माणसं ब्रेक दाबत. घाटात तर तो उतरून चालला आणि अकराजण चालले. कुणी अवाक्षर काढलं नाही, तेच त्याला जड गेलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता साठ किलोमीटर बाकी होते. चहाच्या टपरीवर धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे भावाची बायको.

"भाऊजी, कुठवर आलात?"

"आलोच. तो कसा आहे?"

"रात्र वाईट गेली. डॉक्टर आधी नाहीच म्हणत होते. मग म्हणाले, चार ते पाच. खुर्चीत बसवून शेजारच्या त्या घराच्या अंगणात न्या आणि पाचच्या आत खाटेवर आणा." ती थांबली. "सकाळपासून सायकलचे बूट घालून बसलाय. पाय सुजलेत, तरी काढू देत नाही."

थोरल्यानं फोन खिशात घातला. ताशी दहाच्या चालीनं साठ. वजनं करणाऱ्याला एवढा हिशोब बोटांवर करावा लागत नाही. सहा वाजणार होते.

"तुम्ही सगळे पुढं जा," तो बाईंना म्हणाला. "त्याला तुम्ही तरी दिसाल."

"बारा म्हणजे बारा," बाई म्हणाल्या. "आणि तो काय आम्हाला बघायला बसलाय?"

थोरला दगडावर बसला. हाताशी चहा, त्याच्यावर साय धरली. शपथ मोडावी तर भावाला जिवंतपणी उतरवून त्याच्या जागी बसल्यासारखं. पाळावी तर तो रिकाम्या रस्त्याकडं बघून खाटेवर परत जाणार. आणि पुन्हा खुर्चीत बसेल, असं कुणीच म्हणत नव्हतं.

"पान्हा," त्यानं हाक मारली. "खाली घे. पण पोचायच्या आधी होती तिथं परत आणायची. केसभर इकडंतिकडं नको."

पान्ह्यानं टेम्पोतून बांधायची तार काढली, सीटचा जेवढा दांडा बाहेर होता तेवढी बरोबर कापली आणि थोरल्याच्या हातात दिली. "हे तुमचं माप. सांभाळा." मग बोल्ट सैल केला. दांडा कुरकुरत आत गेला. चार बोटं.

थोरला बसला, आणि पहिल्यांदा ती सायकल काय चीज आहे ते त्याला कळलं. पाय पुरा पोचत होता. नुसतं दाबायचं, की रस्ता मागं. भावानं एवढी वर्षं हिच्यापायी जीव का टाकला ते कळलं. चढ आला तरी तो उतरला नाही. मागून बाई ओरडल्या, "काटेवाले, आता तुम्हाला मागं यावं लागेल, आम्हालाच दम लागतोय!" सगळे खुशीत आले. थोरला नाही. प्रत्येक पायडलला त्याला वाटत होतं, आपण चोरी करतोय आणि ती गोड लागतेय.

चारला दहा कमी असताना, दोन किलोमीटर अलीकडं, पेट्रोल पंपावर तो थांबला. पान्ह्यानं तार लावून सीट वर घेतली, तंतोतंत. आत जाऊन आल्यानं दांड्यावर ओरखडे दिसत होते. पान्हा म्हणजे हाताचा स्वच्छ माणूस. त्यानं सवयीनं दांडा चिंधीनं लख्ख पुसला आणि ग्रीसचं बोट फिरवलं.

"बघा, नवरीसारखा झाला."

शेवटचे दोन किलोमीटर थोरला पुन्हा बदक झाला.

सव्वाचारला बाराजण अंगणात शिरले. पायऱ्यांवर रोग्यांची माणसं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मधोमध चाकांच्या खुर्चीत धाकटा. पायात बूट, मांडीवर पाटी. थोरल्याची नजर गेलीच. पंचेचाळीस. एकोणीस दिवसांत चार किलो.

धाकट्यानं भावाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. बोटानं खुणावलं, सायकल जवळ आण. सीट बघितली, उंची बरोबर म्हणून मान डोलावली. मग दांड्यावर अंगठा फिरवला आणि वर धरला. अंगठा ग्रीसनं चमकत होता. तीन वर्षांत त्यानं तो दांडा कधी पुसला नव्हता.

पाटीवर अक्षरं वाकडी आली: "लबाडा."

"नाही रे. ते पान्ह्यानं नुसतं पुसलं."

धाकट्यानं अंगठा त्याच्या नाकापुढं नेला. सोन्यासारखं खोटं बोलणाऱ्या माणसालाही त्या अंगठ्यापुढं बोलता आलं नसतं, आणि थोरला तर त्या बाबतीत अगदीच कच्चा.

"घेतली होती," तो म्हणाला. "शेवटचे साठ. नाहीतर सहा वाजले असते. तारेनं मोजून परत वर घेतली." आणि त्यानं खिशातली तार काढून दाखवली, पकडलेल्या चोरानं माल काढून ठेवावा तशी.

धाकट्यानं तार घेऊन मांडीवर ठेवली. मग लिहिलं: "चढाला कशी गेली?"

थोरल्याला खोटं सुचलं होतं, पण एका दिवसाला एक पुरे झालं होतं. "लोण्यासारखी," तो म्हणाला.

धाकट्यानं पान्ह्यापुढं हात पसरला. पान्ह्यानं बोल्टाचा पाना दिला. लिफ्टांचे गंजलेले नट ज्यानं नुसत्या मनगटानं फिरवले होते त्या माणसानं तो पाना बोल्टाला लावला. फिरेना. पुन्हा लावला. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर व्हायला लागलं. पान्हा पुढं झाला तर बाईंनी त्याची बाही धरली. थोरल्यानं खुर्चीच्या मागून हात घातला आणि भावाच्या मुठीवर मूठ ठेवली. मुठीत नुसती हाडं. बोल्ट फिरला.

"किती घेतली होती?" पाटी.

"चार बोटं."

धाकट्यानं दांड्याला बोटं लावली. त्याची चार बोटं आता पुरेनात. त्यानं पाचवं बोट म्हणून अंगठाही लावला, तिथपर्यंत सीट दाबली आणि मान डोलावली. थोरल्यानं बोल्ट आवळला. मग धाकट्यानं तार दांड्याशेजारी धरून जास्तीचं टोक दुमडलं. तार मऊ होती. तेवढं त्याला जमलं.

"पाच वाजत आले," धाकटी म्हणाली, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. या वेळी त्यानं पाय ओढून घेतले नाहीत. थोरला बुटांकडं बघतोय हे दिसलं तेव्हा त्यानं घाईघाईनं खरडलं: "बूट नाही मिळणार. तुला होड्या होतील."

"नकोत मला," थोरला म्हणाला. "तुझ्या पायांचा वास माहीत आहे."

धाकट्याचे खांदे हलले. आवाज नव्हता, पण ते हसणं होतं.

धाकटीनं खुर्ची वळवली. इस्पितळाचं फाटक शंभर पावलांवर होतं. पानटपरीवाल्यालाही कळलं असतं की आता कार्यक्रम संपला, घरी जायचं. पण बाईंनी सायकल हातात धरली आणि हळूच म्हणाल्या, "सगळ्यात हळू तो पुढं."

खुर्ची पुढं निघाली आणि मागं बाराजण चालले, आपापल्या सायकली हातानं ढकलत. कुणी घंटी वाजवली नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "सायकली बाहेर."

खुर्ची आत गेली, लांब बोळात, शेवटी वळली. बाकीचे पांगले. थोरला तिथंच सायकलवर बसला, भिंतीचा आधार न घेता. कुठंही कलावं लागत नव्हतं. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते.