तळपायांची तक्रार

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र घरच्या नणंदेत एकटीत होती. अठरा वर्षे ती पिळणयंत्रावर होती. ओल्या चादरी गरागरा फिरवून त्यांतले पाणी काढणारे ते लोखंडी पिंप तिच्या छातीइतके उंच होते. एका सकाळी तिने मुकादमाला दोन्ही हातांनी ढकलले आणि तो ओल्या चादरींच्या ढिगात बसकण मारून पडला. त्याला लागले काहीच नाही, पण पाहणाऱ्या नऊ बायका हसल्या, आणि ते त्याच्या फार वर्मी लागले.

व्यवस्थापनाने तिला काढून टाकले नाही. तसे करणे हल्ली असंस्कृत मानले जाते. तिला घरी बसवले आणि सहा बैठकांचे ऑनलाइन समुपदेशन लावून दिले. अहवाल चांगला आला तर यंत्र परत मिळणार होते, नाही तर नोकरीही जाणार होती.

पहिल्या दिवशी तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर एक तरुण बाई आल्या. शरीराचे भान आणि बोलणे या दोन्ही वाटांनी आपण जाणार आहोत, असे त्यांनी फार मऊ आवाजात सांगितले. तोफेला तो आवाजच खटकला. इंजेक्शन देण्याआधी परिचारिका याच सुरात बोलतात, हे तिने अठरा वर्षे ऐकले होते.

"ताई, डोळे मिटा. खांद्यांत काय जाणवतंय?"

"खांदे."

"बरं. आणि पोटात?"

"सकाळचा चहा. आणि ताई कुणाला म्हणता? तुमच्या आईच्या वयाची आहे मी."

बाहेरच्या खोलीतून नणंद ओरडली, "अहो बाई, जीभ शरीरातच मोडते ना? मग तिच्यापासून सुरुवात करा! बाकीचं अंग गरीब आहे तिचं."

"तू गप गं! फुकटचं ऐकतेस ते ऐकतेस, वर सल्ले देतेस!"

"माझा आवाज येतोय ना?" बाईंनी विचारले.

"येतोय. जात नाहीये, तीच तर पंचाईत आहे."

तीन बैठका अशाच नासल्या. बाई श्वास मोजायला सांगत. तोफ मोजायची आणि आकडा चुकीचा सांगायची. हा निव्वळ अडेलपणा होता, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. आपले अंग ही आपल्या मालकीची शेवटची जागा आहे, आणि तिथेही पगार देणाऱ्यांनी माणूस पाठवला आहे, असे तिला वाटत होते. त्यात काही चूक नव्हती. समुपदेशकांचे मानधन रुग्णालयच देत होते.

चौथ्या दिवशी बाईंचाही धीर सुटला. मऊपणा गेला. "राग कुठून सुरू होतो, एवढं एकदा सरळ सांगा. नाही तर मला 'सहकार्य नाही' असंच लिहावं लागेल."

"कुठून म्हणजे? तळपायाची आग मस्तकात जाते, कधी ऐकलं नाहीत?"

"ऐकलंय. मग तळपायांपासूनच बघू. पाय फरशीवर टेकवा. आत्ता काय वाटतंय?"

तोफेने चिडूनच पाय टेकवले, आणि ती थांबली. फरशी गार होती. पाय शांत होते. यंत्रावरचे शेवटचे तीन आठवडे ते शांत नव्हते, हे तिला आत्ता कळले.

"थरथर नाही," ती म्हणाली.

"कसली थरथर?"

मग ती बोलली. धुलाईघरात सगळ्यांना रबरी बूट घालावे लागतात. तिला ते चावत, म्हणून ती नियम मोडून अनवाणी उभी राहायची. पिंप फिरू लागले की जमिनीतून एक सरळ गुणगुण पायांत चढते. मुकादमाला ढकलले त्या सकाळच्या तीन आठवडे आधी ती गुणगुण मोडली. मध्येच एक झटका बसू लागला, गाडीचे चाक निखळायच्या आधी बसतो तसा. तिने मुकादमाला चार वेळा सांगितले. 'वय झालं तुमचं,' तो म्हणाला. त्या सकाळी तिने यंत्र बंद केले. तो चालू करायला बटणाकडे वाकला, म्हणून तिने त्याला ढकलले.

"म्हणजे तुमच्या शरीराला धोका आधीच कळला होता," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"कळला होता ना? मग तेच लिहा. यंत्र बिघडलंय म्हणून लिहा."

"यंत्राबद्दल मला लिहिता येत नाही. अहवाल तुमच्याबद्दल असतो."

"मग इतके दिवस खांदे, पोट, श्वास कशाला उकरलंत?"

"पण तुम्हाला जे जाणवलं ते मी लिहीन. शब्दन् शब्द."

बाईंनी शब्द पाळला. त्यांच्या शास्त्राची भाषा मात्र त्यांना मोडता आली नाही. अहवालात लिहिले होते: 'कामाच्या जागी तळपायांत थरथर व झटके जाणवतात. त्यांचे कारण यंत्रात असल्याची ठाम समजूत आहे.' ज्याला अठरा वर्षांचे ज्ञान म्हणायला हवे होते, ते त्या वाक्यात 'समजूत' होऊन बसले.

मुकादमाने तो कागद तिला सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "पायांत झटके येणाऱ्या बाईला यंत्रावर कसं उभं करायचं? आम्हाला तुमची काळजी आहे." तिला घड्या घालायच्या मेजावर बसवले. नोकरी राहिली, यंत्र गेले. यंत्रावर दुसरी बाई आली, धुलाईघरात अवघ्या चार महिन्यांची.

मुकादम जेवायला गेला तशी तोफ उठून तिच्यापाशी गेली. "बूट काढ."

"कशाला मावशी?"

"काढ म्हणते ना! उभी राहा नुसती."

तिने बूट काढले. पिंप फिरत होते. तोफ तिच्या पायांकडे न बघता चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि पाचव्या-सहाव्या क्षणी तो चेहरा बदलला. भुवया आखडल्या, एक पाय आपोआप वर उचलला गेला.

"लागला ना झटका?"

त्या बाईने खाली वाकून आधी एक बूट चढवला, मग दुसरा. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पुसल्यासारखा कोरा होता.

"मला काही जाणवत नाही, मावशी."

"खोटं बोलतेस."

"बोलते. मला त्या सहा बैठका नकोत." तिने आवाज चढवला. "आणि पुन्हा इथे येऊ नका. आलात तर मी सांगेन साहेबांना, तुम्ही मला बूट काढायला लावलेत म्हणून."