पहाडावर गेलेली निळी पिशवी

आमच्या घरात "सर म्हनतात" हे दोन शब्द हिवाळ्यात शिरले आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला राहिले. सर म्हनतात, रोज सकाळी चालायला जा. सर म्हनतात, रात्रीचा भात कमी करा. सर म्हनतात, बूट एक नंबर मोठा घ्या. शेलूबाजारला हायवेवर माझं मेडिकल आहे, त्यामुळे दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडून "डॉक्टर म्हनतात" ऐकायची मला सवय आहे. पण स्वतःच्या घरात, जेवायला बसल्यावर, स्वतःच्या बायकोने परक्या माणसाचं म्हणणं वाढावं, हे वेगळं. मी जळत होतो. त्याला दुसरा शब्द नाही.

हे सर म्हणजे रिठदकडचे एक मास्तर. दर उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या शिक्षक-शिक्षिकांचा जथा घेऊन हिमालयात जायचे. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. यंदा तिनेही नाव दिलं. आधी मला विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी येता काय?"

मी म्हणालो, "दुकान कोन पाह्यते?"

माझा अंदाज असा, की ती पुन्हा एकदा विचारेल, मी जरा आढेवेढे घेईन आणि तिसऱ्यांदा विचारलं की बरं म्हणेन. तिने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तेही खरंच हाय म्हना."

झालं. तेव्हापासून ती पाठीवरच्या पिशवीत गहू भरून मंगरूळपीरच्या रस्त्याने चालू लागली. वजनाची सवय व्हावी म्हणून. कोणी विचारायचं, "मॅडम, रोज रोज दळन घेऊन कुठं जाता?" ती हसायची आणि पुढे निघायची. पूर्वी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचं तरी मला गाडी काढायला सांगणारी बाई ही. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून तिला जाताना पाहायचो. चालही बदलली होती. खांदे मागे, मान वर. हेही सरांनीच सांगितलेलं असणार.

सरांचा फोटो मी तिच्या मोबाईलवर पाहिला होता. बर्फात उभे, हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा, एक पाय दगडावर. असा पाय दगडावर ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीपासूनच बरं नाही.

मग एक दिवस त्यांचा निरोप आला. प्रत्येकाने आपापली औषधाची पेटी आणायची. वरच्या मुक्कामांवर दवाखाना नाही, गाडीरस्ता नाही, मोबाईल लागत नाही. बायकोने हे वाचून दाखवलं तेव्हा मला, खरं सांगतो, आनंद झाला. बूट त्यांनी सांगितले, चाल त्यांनी शिकवली, पण औषधात माझ्यापुढे कोण जाणार? म्हटलं, आता बघ.

तिच्या पहिल्या नोकरीतला चपटा स्टीलचा डबा मी माळ्यावरून काढला, घासूनपुसून घेतला आणि भरायला बसलो. पट्ट्या, कापूस, गॉज, चिकटपट्टीचा रोल, जखमेचं मलम. तापाच्या गोळ्या, हगवणीच्या, उलटीच्या, अंगावर पित्त उठलं तर त्याच्या. जलसंजीवनीची पाकिटं. थर्मामीटर, कात्री, काटा काढायचा चिमटा. डबा भरला तरी माझं मन भरेना. मग एका पिशवीत खोकल्याची बाटली, बामची बाटली, शेकायची रबरी पिशवी, वाफ घ्यायचं भांडं.

तिने दोन्ही उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "अजी, मी पहाड चढू का तिथं दुकान मांडू?"

"अंगावर आलं म्हंजे समजन."

"सर म्हनतात, अर्ध्या किलोच्या वर नको. काचेचं नको. स्टीलचं तर नकोच."

आता माझ्या डब्यातही सर. माझं टाळकं सणकलं. पण ती शांतपणे एकेक वस्तू बाहेर काढत गेली आणि मी एकेका वस्तूची वकिली करत गेलो. खोकल्याच्या बाटलीवर आमचं चांगलंच वाजलं. वाफेच्या भांड्यावर मी फार ताणलं नाही. थर्मामीटरसाठी हट्ट धरला, तो राहिला. शेवटी सगळं एका निळ्या चेनच्या पिशवीत आलं. एका औषध कंपनीच्या माणसाने मला दिवाळीला फुकट दिली होती ती. उंचावर त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या गोळीचं तिने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर देत नसतो, बायको असली तरी." ती म्हणाली, "सरही हेच म्हनतात, आधी डॉक्टरले इचारा." पहिल्यांदाच सरांचं आणि माझं एकमत झालं, आणि तेही मला आवडलं नाही.

पिशवी भरणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. म्हणून मी तिला शिकवायचं ठरवलं. सुट्टी लागलेली, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, दुकानात पंखा गरम हवा फिरवत असायचा. ती यायची, काउंटरच्या आत स्टुलावर बसायची आणि माझा पाय मांडीवर घ्यायची.

"बोटापासून वर जायाचं. टाच सुटली नाही पाह्यजे. आठाचा आकडा काढल्यावानी फिरव. बोटं उघडी ठेव."

"काहून?"

"निळी पडली तर दिसली पाह्यजे ना. निळी, थंड पडली का लगेच सैल करायचं."

पहिल्या दिवशी तिने बांधलेली पट्टी मी उठताच पायात गोळा झाली. दुसऱ्या दिवशी बरी. तिसऱ्या दिवशी अशी बांधली, की माझ्या हाताखाली काम केलेल्या पोरांनाही तशी जमली नव्हती. तेवढ्यात एक जीपवाला डोकेदुखीची गोळी घ्यायला आला. "भाऊ, पायाले काय झालं?" मी म्हणालो, "मुरगळला." आणि ते निभवायचं म्हणून संध्याकाळपर्यंत पट्टी सोडली नाही. तेवढ्यासाठीच सोडली नाही असं म्हणणं मात्र बरोबर नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझा पाय असा मांडीवर घेऊन, मान खाली घालून, माझंच ऐकत बसल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दुपारी "सर म्हनतात" एकदाही झालं नाही.

फोडाचंही सांगितलं. सोयाबीन कापायला निघालेल्या बाया माझ्याकडून चिकटपट्टी नेतात. शेंगा हाताला टोचतात म्हणून जुने पायमोजे हातात घालतात, विळा धरायच्या बोटांना पट्टी गुंडाळतात. काही बाया आधी नेतात, काही फोड फुटल्यावर येतात. आधी नेणारी दुसऱ्या दिवशी वावरात असते, नंतर येणारी घरी. "तसंच टाचेचं हाय," मी म्हणालो. "जागा लाल झाली, चुरचुरली का तिथंच थांबायचं अन् पट्टी लावायची. फोडाची वाट पाहायची नाही." तिने ऐकलं. नुसती मान हलवली. मला वाटलं, हे काही तिच्या डोक्यात राहणार नाही. वर गेल्यावर सर सांगतील तेच होईल.

मी तिला एसटीत बसवून आलो. निळी पिशवी पाठीवरच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात, हाताशी येईल अशी ठेवली होती. बस सुटल्यावर माझ्या मनात जे आलं ते सांगतो. औषधाच्या पिशवीचं असं असतं, की द्यायची आणि उघडायची वेळ येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. मी मात्र उघडायची वेळ यावी म्हणून हात जोडले. मोठं काही नको. जरासं डोकं दुखावं. एखादा फोड यावा. चेन उघडावी, आतली पट्टी बघावी आणि तिला वाटावं, आपला माणूस इथे पाहिजे होता. माझ्या पोटात दुखत होतं आणि त्यावरची गोळी माझ्या दुकानात नव्हती.

मग काही दिवस फोन बंद. लावला की फोनमधली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "मॅडम बर्फात अन् तुमी भट्टीत. जमलं बुवा तुमचं." मी त्याला कंबरदुखीच्या मलमाऐवजी खरजेचं दिलं. तो दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, परत बोलावून बदलून दिलं.

ज्या दिवशी ते खाली उतरले त्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला, पण खूश होती.

"अजी, तुमची पिशवी लय कामी आली."

माझ्या जिवात जीव आला. "काय झालं तुले?"

"मले कायले होते? सरांचा पाय मुरगळला. तिसऱ्या दिवशी, उतारावर. म्या पट्टी बांधून देली."

मी म्हणालो, "बरं झालं." काय बरं झालं ते मलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी फोटो आला. मागे बर्फ, आजूबाजूला माणसं उभी. एका दगडावर सर बसलेले आणि समोर माझी बायको, सरांचा पाय मांडीवर घेऊन, मान खाली. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. बोटं उघडी होती. टाच सुटली नव्हती. आठाचा आकडा चोख. चूक काढायला जागाच नव्हती, सगळं मीच शिकवलेलं. तीन दुपारी माझ्या पायावर जी उजळणी झाली, ती ह्यांच्या पायासाठी झाली म्हणायची. अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

ती आली, नाकाची सालपटं निघालेली, काळवंडलेली, आणि सुंदर दिसत होती. किती बोलत होती. सर असे, सर तसे, सर पाय दुखत असून कसे सगळ्यांच्या मागे चालले. मी हूं हूं करत होतो. पिशवी मी तिच्यादेखत उघडली नाही. ती अंघोळीला गेल्यावर उघडली. चिकटपट्टीच्या रोलची नुसती पुठ्ठ्याची कडी उरली होती. मोठी पट्टी नव्हतीच. ती कुठे होती ते मला माहीत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी एक माणूस लंगडत दुकानाची पायरी चढला. काळा चष्मा नव्हता तरी मी लगेच ओळखला. फोटोत दिसायचे त्याहून उंच होते. देवाने तिथेही माझी बाजू घेतली नाही.

"मी तुमच्या मॅडमसोबत पहाडावर होतो," ते म्हणाले. "अमरावतीले चाललो, म्हटलं वाटेत भेटून जाव." त्यांनी पिशवीतून माझी पट्टी काढली. धुतलेली, वाळवलेली, घट्ट गुंडाळलेली. माणूस व्यवस्थितही होता. म्हणजे मला चिडायला तेवढीही जागा ठेवली नाही.

"ताणली गेली हाय आता," मी म्हणालो. "नवीन देतो." आणि शक्य तितक्या कोरडेपणाने डबे शोधू लागलो.

ते काउंटरला टेकले. "एक सांगू का, भाऊ? राग मानू नका."

"सांगा."

"तिसऱ्या दिवसापर्यंत मले तुमचा लय राग आला होता."

मी वळलो. "माझा?"

"नाही तं काय. धा-बारा वर्षं झाली, मी लोकं घेऊन जातो. वरतं माझं सगळे ऐकतात. अन् ह्या बाईचं सकाळपासून सुरू. आमचे हे म्हनतात, तहान लागाच्या आधी पानी प्या. आमचे हे म्हनतात, लाल दिसलं का पट्टी लावा, फोडाची वाट पाहू नका. मी चाला म्हनो, अन् ही सगळ्याईले खाली बसवून मोजे काढाले लावे. आमचे हे म्हनतात. दोन दिवसांत सारे जन मले इचाराच्या आधी तिले इचारू लागले, का तुमचे हे काय म्हनतात?" ते हसले, पण पुरतं हसले नाहीत. "एकदा चिडून इचारलं म्या, मॅडम, तुमच्या ह्याईनं कधी पहाड पाह्यला काय? तं म्हने, पहाड नाही पाह्यला, पन पाय लय पाह्यले. त्याच दिवशी माझा मुरगळला."

मी डब्यातून नवी पट्टी काढली.

"पाय वर घ्या," मी म्हणालो.

त्यांनी स्टुलावर पाय ठेवला. अजून सूज होती. मी पट्टी बांधली, बोटं उघडी ठेवून, आणि एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं. एकदा हाडाच्या डॉक्टरला दाखवाच म्हणालो. ते म्हणाले, "मॅडमही हेच म्हनत होत्या." पैसे मी घेतले नाहीत. चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी दगडावर पाय ठेवायची सवय मोडल्याचं सांगितलं.

संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. "सर येऊन गेले म्हने दुकानात? काय म्हनत होते?"

"काही नाही. पट्टी घेऊन गेले."

"अजून काही?"

"नाही."

तिने एक खडा बाजूला काढला. "सर म्हनतात, पुढच्या साली अजून वर जाऊ."

"जाय ना," मी म्हणालो.

त्यांनी काय सांगितलं ते मी तिला आजही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी ती जपून बोलली असती.