हरणांच्या माना

आमच्या घरात चित्त्याची शिकार चुलीपाशी व्हायची. आमच्या लेकीचे, सिलांतोईचे बाबा संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी सांगायला बसायचे. मी मक्याच्या पिठाची उगाली ढवळत असायचे. ते गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकायचे, मान खांद्यांच्या रेषेत आणायचे, आणि आमच्या धुराच्या घरात चित्त्याची मादी गवतातून सरकू लागायची. "एक पाय उचललाय. ठेवला नाही अजून. अधांतरी धरलाय." पोरं श्वास रोखून बसायची आणि माझी उगाली हमखास खाली लागायची.

त्यांचं नाव मेइतामेइ. माराच्या रानात जनावरं बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. लहानपणी याच माळावर शेळ्या राखताना चित्ता दिसला की दगड भिरकावायचे. पुढे त्याच जनावराची वाट अडू नये म्हणून पाहुण्यांशी वाद घालू लागले. शिकार चालू असली की त्यांची गाडी लांब उभी, इंजिन बंद. ती आणि हरणं यांच्या मधे गाडी घालायची नाही म्हणजे नाही. कुणी फारच हट्ट धरला तर हसत म्हणायचे, "साहेब, तुम्ही जेवायला बसलात की मी ताटावरून चालत जातो का?" पाहुण्यांच्या छावणीचा मालक कपाळावर हात मारून घ्यायचा.

मी मात्र रानाच्या कडेला राहून एकही शिकार पाहिली नव्हती. सकाळ-संध्याकाळ दूध काढायचं, पाणी आणायचं, आणि चित्त्याची वेळही नेमकी तीच. "एकदा नेईन तुला," ते म्हणायचे. "न्या," मी म्हणायचे. ते तेवढ्यावरच राहायचं.

मग त्यांची नजर कडांकडून मिटत आली. आधी म्हणायचे, हल्ली जनावरं एकदम समोर येतात. जनावरं एकदम येत नव्हती, ह्यांना बाजूचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकली आहे, गेलेलं परत यायचं नाही. मी उपास केले, चर्चमधल्या सगळ्या बायकांना प्रार्थनेला बसवलं. देवाने नाही म्हटलं. तेही मी उत्तरच धरते.

पुढे ते दिवसभर कुंपणाशी माळाकडे तोंड करून बसू लागले. चुलीपाशी गप्प. उगाली खाली लागायची थांबली.

एका संध्याकाळी म्हणाले, "एक शिकार हवी होती. एकच."

"आता काय दिसणार तुम्हाला?"

"तू आहेस ना. आणि देवाकडे माग. तुझं ऐकतो तो."

"शिकार मागू? म्हणजे कुणाचं तरी मरण मागू? मग रविवारी कुठल्या तोंडाने उपासनेला बसू?"

"रविवारी मंडळी बोकड कापते तेव्हा बरं तोंड असतं तुझं."

मला हसू आलं, पण शिकार काही मागवेना. जे बरं असेल ते होऊ दे, एवढंच म्हटलं.

मोठ्या पावसात पाहुणे कमी असतात. ह्यांच्या हाताखाली तयार झालेला कुंताई छावणीतून एका सकाळपुरती गाडी मागून घेऊन आला.

"बाबा, पुढे बसा."

"मागे बसतो. आज मी पाहुणा."

"बसा. पण जवळ घे म्हणून हट्ट नका करू. मी ताटावरून गाडी नेत नाही."

ऊन वर यायच्या आत ती मादी सापडली. वारुळावर उभी होती, आणि खाली गवतात तिची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. पलीकडे हरणं चरत होती. कुंताईने लांबच इंजिन बंद केलं. मी ह्यांच्या कानाशी लागून सांगू लागले, लांब पाय, खोल छाती, डोळ्यांखालच्या काळ्या रेघा.

"तिचं नको सांगूस," ते म्हणाले. "ती पाठ आहे मला. हरणं सांग. माना खाली की वर?"

"खाली. एकीची वर आहे."

"कुठे बघतेय?"

"आपल्या गाडीकडे."

"मग ठीक. वारा?"

"माझ्या तोंडावर येतोय."

"म्हणजे तिचा वास तिकडे जात नाही. आता ती उतरली असेल."

मी पाहिलं. वारूळ रिकामं होतं. गवतात फक्त एक पाठ सरकत होती, आणि एक पाय अधांतरी होता. चुलीपाशी पाहिला होता तसाच.

हरणांचं सांगणं मला जमू लागलं. शेळीसारखंच असतं ते. भिण्याआधी ती चघळायची थांबते. "कडेची थांबली," मी म्हटलं. "चघळत नाही आता. मागे पडलीय. जड आहे हो, पोटुशी आहे."

"तीच," ते म्हणाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

मादी सुटली. आणि मी डोळे मिटले.

"बोल ना," ते म्हणाले. "कुठे आहेत? बोल." मग त्यांची पकड सैल झाली. "तूही मिटलेस."

दोघंही अंधारात बसलो. टापा वळसा घेऊन आमच्याच रोखाने आल्या. त्यांच्यामागे मऊ धपधप, अगदी जवळ. गाडीच्या बाजूने दोन्ही आवाज वळले. मऊ आवाज थांबला. टापा चालू राहिल्या.

"निसटली," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. मादी गवतात बसली होती, बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. हरीण पार लांब गेलं होतं.

"शेवटच्या वळणाला, येयो," कुंताई मला म्हणाला. आईच म्हणतो तो मला. "नख लागलं होतं, पण पाडता आलं नाही."

"पोटुशी होती हो," मी म्हटलं.

थोड्या वेळाने चिवचिव ऐकू आली. मला वाटलं झुडपात पाखरू आहे.

"पाखरू नव्हे. पिल्लांना बोलावतेय. पोटं कशी आहेत त्यांची?"

पिल्लं धावत आली, तिच्या तोंडाला तोंड लावून हुंगू लागली. "आत गेलीत."

"मग उद्या तिला धरावंच लागेल," ते म्हणाले. उद्या गाडी मिळायची नव्हती, पाहुणे यायचे होते. कुंताईने चावी फिरवली.

संध्याकाळी मी उगालीत पीठ सोडत होते. ते चुलीपाशी सरकले, गुडघ्यांवर हात टेकले. "सांग."

"तुम्हीच होतात की तिथे."

"डोळे मिटलेस तिथपर्यंत सांग."

मी सांगितलं. वारूळ, वारा, माना, चघळायची थांबलेली कडेची. त्यांनी मान खांद्यांच्या रेषेत आणली होती. त्यांनी मनगट धरलं तिथपर्यंत मी आले आणि थांबले. त्यापुढचं दोघांकडेही नव्हतं. ते तसेच पुढे वाकून राहिले.

जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी म्हटलं, देवा, त्या पिल्लांच्या आईला उद्या दे. कुठलं हरीण ते तू बघ. पण ती जड आहे ती नको.

"आमेन," ते म्हणाले. "वारा कुठून आहे बघ ग."

मी दार ढकलून तोंड बाहेर काढलं, आणि तोंडावर वारा येईपर्यंत तशीच उभी राहिले. "रानाकडून," मी म्हटलं.

मागे उगाली खाली लागल्याचा वास येत होता.